नाताळातला खून, साल १८७८: व्हिक्टोरियन रहस्यकथा कशी रचावी

बर्फाने वेढलेली हवेली, धगधगती शेकोटी, ब्रँडी ओतून पेटवलेलं पुडिंग आणि अभ्यासिकेत पडलेलं प्रेत. एवढी सामग्री जमवली की व्हिक्टोरियन नाताळाची खूनकथा तयार, असा समज आहे. त्यामुळे अशा बऱ्याच कथांत नाताळ नुसता मागच्या पडद्यावर रंगवलेला असतो. पडदा बदलून तिथं लग्नघर टाकलं तरी खून तसाच होतो आणि खुनी तसाच सापडतो. मला ती कथा कच्ची वाटते. जो खून नाताळाशिवाय आणि त्या एका सालाशिवाय घडूच शकला नसता, तो रचायला घ्यावा. मेहनत जास्त पडते, पण त्यातली अर्धी इतिहासच करून देतो.

खाली एक नमुनाकथा पायरी-पायरीने उभी करतो. ती 'कोझी' जातीची आहे, म्हणजे रक्तपात पडद्याआड, पात्रं मोजकी, शोध घेणारा बहुधा हौशी, आणि वाचकाच्या हाती सगळे धागे वेळेवर दिलेले. पात्रांना मुद्दाम नावं दिलेली नाहीत. ती तुमची तुम्ही द्या.

आधी साल ठरवा

व्हिक्टोरिया राणीचं राज्य १८३७ ते १९०१. या जवळजवळ चौसष्ट वर्षांत इंग्लंडचा नाताळ मुळापासून बदलला. विक्रीसाठी छापलेलं पहिलं नाताळ कार्ड १८४३ चं. राजघराणं झाडाभोवती जमल्याचं चित्र लंडनच्या सचित्र साप्ताहिकात १८४८ मध्ये आलं आणि त्यानंतर झाड मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरलं. दोन्हीकडून ओढल्यावर फट्‌ असा आवाज करणारे कागदी क्रॅकर टॉम स्मिथ या लंडनच्या मिठाईवाल्याने रूढ केले, आवाजाची भर १८६० च्या सुमारासची. २६ डिसेंबर, म्हणजे बॉक्सिंग डे, कायद्याने बँकांची सुट्टी झाला तो १८७१ मध्ये. तेव्हा १८४० सालच्या कथेत क्रॅकरच्या चिठ्ठीत धागा सापडला, तर जाणकार वाचक तिथंच पुस्तक मिटणार.

'एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात' असलं मोघम लिहून भागत नाही. वर्ष हवं, आणि शक्य तर वारही. मी १८७८ निवडतो. कारणं ऐका.

त्या वर्षी २५ डिसेंबर बुधवारी आला. १४ डिसेंबरला राणीची मुलगी प्रिन्सेस ॲलिस घटसर्पाने वारली, आणि तीही नेमकी बापाच्या मृत्यूच्या तारखेला (प्रिन्स अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी गेला होता). म्हणजे आपल्या नाताळावर दरबारी सुतकाची छाया आहे. काळे कपडे, जेटच्या काळ्या मण्यांचे दागिने घातलेल्या बायका, 'या वर्षी नाच नको' म्हणणारी एखादी आत्या हे सगळं आयतं मिळतं. नोव्हेंबरात दुसरं अफगाण युद्ध पेटलं होतं, म्हणून घरातला लष्करी मुलगा गैरहजर ठेवता येतो. १८७८-७९ चा हिवाळा कडक होता, त्यामुळे थंडीसाठी थापा माराव्या लागत नाहीत.

सगळ्यात मोठं घबाड म्हणजे २ ऑक्टोबर १८७८ ला सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती. बँकेचं देणं फेडायला भागधारकाचं घर, शेत, बायकोचे दागिनेसुद्धा जाऊ शकत होते. शेकडो कुटुंबं रस्त्यावर आली. बँकेच्या बड्या कर्जदारांत हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्या पेढ्या होत्या, हे मराठी लेखकाने खास लक्षात ठेवावं. ऑक्टोबरात बुडालेला, पण डिसेंबरात टापटीप कोट घालून हसत नाताळाला आलेला गृहस्थ, हा तुमचा खुनी. हेतू शोधत बसावं लागलं नाही.

कायद्यात हेतू शोधा

मत्सर, सूड, फसलेलं प्रेम ही कारणं कुठल्याही शतकात चालतात, म्हणून ती दुय्यम ठेवावीत. व्हिक्टोरियन खुनाचा गाभा बहुधा मृत्युपत्रात सापडतो, आणि १८३७ चा मृत्युपत्र कायदा रहस्यकथाकाराने शेजारी ठेवूनच लिहायला बसावं. त्यातली तीन कलमं सोन्याची आहेत. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांनी एकाच वेळी हजर राहून सही करायला हवी. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळणार असेल, तर मृत्युपत्र टिकतं पण त्याचा वाटा बुडतो. आणि तिसरं, लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं.

या तिसऱ्या कलमावर आपली कथा उभी करू.

डॉर्सेट परगण्यातली हवेली. मालक मुंबईच्या व्यापारात पैसा करून परतलेला साठीचा विधुर, मूलबाळ नाही. पहिल्या बायकोच्या बहिणीची पोरकी मुलगी त्याने वाढवली आणि मृत्युपत्रात सगळं तिच्या नावे केलं. त्या भाचीचा नवरा ग्लासगोच्या बँकेत बुडालेला. मालक जानेवारीत पुन्हा लग्न करणार, अशी घरात कुजबुज आहे. लग्न झालं की मृत्युपत्र रद्द. भाची बायकोकडची असल्यामुळे रक्ताचं नातं नाही, मृत्युपत्र नसेल तर तिला छदामही मिळणार नाही. तेव्हा म्हातारा नववर्षाआधी गेला पाहिजे, हा नवऱ्याचा हिशोब.

नवऱ्याला बायकोच्या पैशाचा काय उपयोग, असं आजचा वाचक विचारील. १८८२ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा अजून यायचा आहे. १८७० चा कायदा बायकोच्या कमाईला आणि मृत्युपत्राने आलेल्या २०० पौंडांपर्यंतच्या रकमेला संरक्षण देत होता. त्यावरची रोकड, रोखे, दागिने सरळ नवऱ्याच्या खिशात. हे एका वाक्यात, कुण्या वकिलाच्या तोंडी नव्हे, तर स्वयंपाकिणीच्या तोंडी घाला: "तिचं ते सगळं त्यांचंच की आता."

आणि पीळ हा, की मालकाने ऑक्टोबरातच लंडनला जाऊन गुपचूप लग्न उरकलेलं आहे. मृत्युपत्र दोन महिन्यांपूर्वीच मेलंय. खुनी एका कवडीमोल कागदासाठी खून करतो. नवी बायको कोण, हे तुम्ही ठरवा. घरातली गव्हर्नेस हा सोपा पर्याय आहे, रेक्टरची, म्हणजे गावच्या पाद्र्याची, विधवा बहीण त्याहून बरा.

नाताळाचं वेळापत्रक मांडा

आता पंचांग. पुडिंग नाताळाच्या दिवशी बनत नाही, ते आधी महिनाभर मुरतं. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी घरातल्या प्रत्येकाने ते ढवळायचं, अशी रीत. १८७८ मध्ये तो रविवार २४ नोव्हेंबरला होता. घरधन्यापासून भांडी घासणाऱ्या पोरीपर्यंत सगळ्यांचे हात त्या पिठाला लागलेले असतात. म्हणूनच विषप्रयोग झाला की सगळ्यांची नजर आधी पुडिंगकडे वळते. हा चकवा फुकट मिळतो, तो वापरा. पण खरंच पुडिंगात विष घालू नका. सगळेच खातात, मग एकटाच कसा मेला याचं उत्तर देताना तुमची फेफे उडेल.

२४ तारखेच्या संध्याकाळी कॅरल गाणारे दारी येतात, पण काही ठिकाणी २५ लाही फिरतात. २५ ला सकाळी चर्च, दुपारी दोनच्या सुमारास मोठं जेवण, अंधार पडल्यावर झाडावरच्या मेणबत्त्या. डॉर्सेटात त्या दिवसांत चारच्या सुमारास सूर्य मावळतो, हे विसरू नका. 'संध्याकाळी पाच वाजता बागेत उन्हं तिरपी झाली होती' असं वाक्य मी छापील कथेत वाचलंय. खऱ्या मेणबत्त्या म्हणजे आगीची भीती, म्हणून शेजारी पाण्याची बादली आणि काठीला बांधलेला ओला स्पंज घेऊन एक नोकर उभा असतो. रात्री स्नॅपड्रॅगनचा खेळ. पसरट भांड्यात मनुका, वर ब्रँडी, ती पेटवायची, दिवे मालवायचे आणि निळ्या ज्वाळांतून मनुका उचलायच्या. दहा-बारा माणसं काळोखात एकाच टेबलाभोवती हात घालताहेत, हे दृश्य सोडू नये. २६ ला नोकरांना आणि टपालवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना पोस्त मिळतं.

आणखी एक समज खोडायला हवा. नाताळात सगळं बंद, बाहेरच्या जगाशी संपर्क नाही, असं लिहायचा मोह होतो. खरं तर व्हिक्टोरियन इंग्लंडात नाताळाच्या दिवशी टपाल वाटलं जाई आणि कमी संख्येने का होईना, गाड्या धावत. घराचा संपर्क तोडायचा असेल तर हिमवादळाने तारा पाडा, नुसत्या सणाने ते होत नाही. बर्फ आणला की ताज्या पावलांचे ठसे आले, आणि उलटे बूट घालून चाललेला खुनी आला. त्या युक्तीला आता विश्रांती द्यावी. आपल्या कथेत जमीन गोठून दगड झालेली ठेवू, बर्फ नको. गाड्या चालू राहू देत, कारण आपल्याला गाडी हवीय.

दोन घड्याळं: कथेचं मर्म

१८८० पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वेळ एक नव्हती. रेल्वे लंडनच्या, म्हणजे ग्रिनिचच्या घड्याळाने चाले. पण पश्चिमेकडच्या गावांत सूर्य उशिरा डोक्यावर येतो, म्हणून त्यांची मूळ वेळ मागे. डॉर्चेस्टर साधारण दहा मिनिटं मागे. १८५८ मध्ये तिथल्या एका दाव्यात न्यायाधीश ग्रिनिचच्या वेळेला आसनावर बसला आणि प्रतिवादी हजर नाही म्हणून निकाल देऊन मोकळा झाला. प्रतिवादीच्या बाजूचं म्हणणं, आम्ही गावच्या घड्याळाप्रमाणे वेळेत आलो. पुढे वरच्या न्यायालयाने गावची वेळच खरी धरली. १८७८ पर्यंत बहुतेक गावांनी रेल्वेची वेळ स्वीकारली होती, पण हट्टी म्हातारा आपल्या तबेल्यावरचं घड्याळ बापजाद्यांच्या वेळेवर ठेवू शकतो. कायदा त्याच्या विरुद्ध नव्हता.

आता खून मांडू. भाची आधीच माहेरी आली आहे. नवरा 'कामामुळे' २५ ला दुपारच्या गाडीने येतो. दोनच्या जेवणाला तो नव्हताच, म्हणजे पुडिंगाच्या संशयातून तो आपसूक बाहेर. गाडी ४:४० ला पोचते. स्टेशनवरच्या भाड्याच्या घोडागाडीने घर वीस मिनिटांवर. म्हणजे तो पाचला पोचला, आणि गाडीवानही तेच प्रामाणिकपणे सांगतो. मालकाचा पाचचा ट्रे, गरम दूध आणि वर जायफळ, ४:५५ ला बटलरच्या कोठीतून वर गेला. ट्रे आधी निघाला, भाचीचा नवरा, म्हणजे घरचा जावई, नंतर आला. तो सुटला.

फक्त ४:५५ ही वेळ तबेल्यावरच्या घड्याळाची आहे. रेल्वेच्या घड्याळात तेव्हा ५:०५ झाले होते. जावई पाचला आला, म्हणजे घरच्या वेळेने ४:५० ला. कोठीत ट्रे मांडून ठेवलेला, आणि सगळे नोकर दिवाणखान्यात झाड पेटताना बघायला गोळा झालेले. नाताळ नसता तर कोठी एक मिनिटही रिकामी मिळाली नसती. त्याच्याजवळ पाच मिनिटं आहेत.

लिहायला बसण्याआधी कागदावर दोन रकाने आखा, डावीकडे रेल्वेची वेळ, उजवीकडे घरची. प्रत्येक प्रसंग दोन्हींत लिहा. कथेत वेळ सांगताना ती कुणाच्या घड्याळाची आहे हे वाचकाला कळेल असं लिहा, पण अधोरेखित करू नका. पहिल्याच प्रकरणात रेक्टर कुरकुरतो: "तुमच्या या घड्याळापायी माझी गाडी चुकली, आता तरी ते फिरवा!" सगळे हसतात. धागा दिला गेला.

विष निवडताना

कोझी कथेत विष सोयीचं, कारण रक्त नाही आणि मारेकरी खोलीत असावा लागत नाही. नाताळासाठी सोमल, म्हणजे आर्सेनिक, नामी. त्याची लक्षणं उलट्या, जुलाब, पोटात कळा. हंस, गोमांस, मिन्स पाय आणि पुडिंग हादडून सगळं गावच पोट धरून बसलेलं असताना डॉक्टर अजीर्ण लिहून मोकळा होतो. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्याला इतक्या सहज शंका टाळता आली नसती.

पण मिळवायचं कसं? १८५१ च्या आर्सेनिक कायद्याने विक्रेत्याला नोंदवही ठेवावी लागे, गिऱ्हाईकाची सही घ्यावी लागे, आणि किरकोळ विक्रीच्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळणं सक्तीचं होतं. म्हणजे पांढऱ्या दुधात ते लपणार नाही. १८६८ च्या फार्मसी कायद्याने स्ट्रिक्निन, प्रुसिक ॲसिड वगैरेंवरही बंधनं आली. खुन्याला पळवाट हवी, आणि ती त्या काळच्या घरात टांगलेली होती. माश्या मारायचे कागद सोमलात बुडवलेले असत, ते पाण्यात भिजवले की विष उतरे. १८८९ मध्ये लिव्हरपूलच्या फ्लोरेन्स मेब्रिकच्या खटल्यात हेच कागद गाजले. तिचं म्हणणं होतं की ती ते सौंदर्यप्रसाधनासाठी भिजवत होती. ज्यूरीने ते मानलं नाही.

डिसेंबरात मात्र माश्या नसतात! म्हणून कागद ऑगस्टातले असले पाहिजेत. ऑगस्टात जावई शिकारीच्या निमित्ताने राहून गेला. हाउसकीपरने बारा कागद घेतले होते, आठ वापरले, कपाटात चार उरायला हवेत आणि एकच आहे. पोलीस आसपासच्या औषधविक्रेत्यांच्या वह्या धुंडाळत बसतात आणि उत्तर किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेल्या बाईच्या हिशोबवहीत असतं. असा घरगुती पुरावा या जातीच्या कथेत प्रयोगशाळेपेक्षा जास्त समाधान देतो. प्रयोगशाळा होतीच, सोमल ओळखायची मार्शची चाचणी १८३६ पासून आणि राइन्शची १८४१ पासून. पण १८५९ च्या स्मेथर्स्ट खटल्यात नामांकित विषतज्ज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलरला कबूल करावं लागलं, की त्याच्या चाचणीतला सोमल त्याने वापरलेल्या तांबे या धातूतूनच आला होता. तुमच्या बचावाच्या वकिलाला ही आठवण नक्की असेल.

घर बोलतं करा

हवेलीचा नकाशा काढल्याशिवाय एक ओळ लिहू नका. खाली स्वयंपाकघर, कोठी, नोकरांचं जेवणघर, वर मालकांचं राज्य, आणि दोन्हींमध्ये हिरव्या जाड लोकरी कापडाने मढवलेलं दार, म्हणजे आवाज आणि वास पलीकडे जाऊ नयेत.

नोकरांच्या वाटेवरच्या भिंतीवर घंटांची रांग असते. प्रत्येक खोलीतल्या दोरीपासून भिंतीतून तार येते आणि वळणदार स्प्रिंगवरची घंटा हलते. आवाज थांबल्यावरही स्प्रिंग काही वेळ डुलत राहते, म्हणून उशिरा धावत आलेल्या मोलकरणीलाही कुठल्या खोलीने बोलावलं ते नुसतं पाहून कळतं. आपल्या कथेत रात्री मालकाने मदतीसाठी दोरी ओढली, तेव्हा नोकर स्नॅपड्रॅगनच्या गलक्यात होते. भांडी घासणारी बारा-तेरा वर्षांची पोर तेवढी वाटेवरून जात होती. तिने आवाज ऐकला नाही, डुलणारी स्प्रिंग पाहिली, आणि ती मालकाच्या खोलीची नव्हती. मालक दुसऱ्याच खोलीत होता. कुणाच्या, ते गुप्त विवाहाशी जोडा. पोरीला कुणी विचारतच नाही, म्हणून ती सांगत नाही.

नाताळाच्या वस्तूंतून खोटे धागेही पेरा. त्या काळच्या कार्डांवर मेलेल्या रॉबिन पक्ष्याचं चित्र असे, ही आपल्याला विचित्र वाटणारी गोष्ट खरी आहे. मालकाच्या टेबलावर असं एक कार्ड सापडू द्या. आजचा वाचक दचकेल, ही धमकीच! घरातलं मात्र कुणी त्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

पोलीस, कॉरोनर आणि खरा शोध

गावात एक कॉन्स्टेबल, परगण्याचं छोटं पोलीस दल, आणि लंडनहून कुणाला बोलवावं की नाही यावर मानापमान. १८७७ मध्ये लंडनच्या गुप्तहेर शाखेतलेच अधिकारी लाचखोरीत अडकले, त्यानंतर १८७८ मध्ये सीआयडी स्थापन झाली. म्हणजे आपल्या नाताळात 'सीआयडीचा माणूस' ही नवी आणि जरा संशयास्पद चीज आहे. त्यात १८६० च्या रोड हिल हाउस खून प्रकरणाची सावली. इन्स्पेक्टर व्हिचरने धुण्याच्या यादीतला एक नाइटगाऊन गायब आहे एवढ्यावरून घरातल्या मुलीवर संशय घेतला. मजूर वर्गातून आलेल्या पोलिसाने सभ्य घरातल्या मुलीकडे बोट दाखवलं म्हणून लोक त्याच्यावरच उलटले. पाच वर्षांनी कॉन्स्टन्स केंटने कबुली दिली. तुमचा इन्स्पेक्टर ही गोष्ट जाणतो, म्हणून तो दिवाणखान्यात जपून पाऊल टाकतो.

बोटांचे ठसे वापरायचे नाहीत. बंगालात विल्यम हर्शेलने १८५८ पासून करारांवर ठसे घ्यायला सुरुवात केली, कलकत्त्यात ठसे कार्यालय १८९७ ला निघालं, पण स्कॉटलंड यार्डात ते १९०१ च्या जुलैत आलं. राणी जानेवारीतच वारली होती. रक्त माणसाचं की कोंबडीचं हे सांगणारी चाचणीही १९०१ चीच.

तार मात्र हवी तेवढी वापरा. १ जानेवारी १८४५ ला जॉन टावेलने स्लाऊजवळ एका बाईला प्रुसिक ॲसिड देऊन मारलं आणि गाडीने लंडनला पळाला. त्याच्या मागोमाग तार गेली. त्या यंत्रात क्यू अक्षर नव्हतं, तारवाल्याने 'क्वेकर' शब्द के अक्षराने सुरू करून पाठवला आणि पॅडिंग्टनचा माणूस बुचकळ्यात पडला. टावेल क्वेकरांच्या, म्हणजे साध्या पेहरावाच्या एका ख्रिस्ती पंथाच्या, वेषात होता, पकडला गेला. १८७० मध्ये समुद्रातून केबल आल्यावर मुंबईही तारेच्या टप्प्यात आली, तेव्हा मालकाच्या जुन्या भागीदाराची तार कथेत सहज येऊ शकते.

कॉरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी गावच्या खाणावळीत होते. किमान बारा ज्यूरर, त्यांनी प्रेत प्रत्यक्ष पाहणं बंधनकारक, आणि खाली बिअरचे पिंप. इथं एक मोठी सोय आहे. १८९८ पर्यंत आरोपीला स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष देता येत नसे, त्यामुळे कोर्टातली उलटतपासणी लिहाल तर चुकेल. पण चौकशीच्या वेळी जावई अजून आरोपी नाही, साधा साक्षीदार आहे. तो स्वतःच्या तोंडाने, शपथेवर, गाडीची वेळ सांगतो. नंतर तीच त्याच्या गळ्यात पडते.

शोध कोण लावतं? मी आयेला निवडतो. भाचीला लहानपणी सांभाळायला मुंबईहून आणलेली बारदेशची ख्रिस्ती बाई, भाची मोठी झाली तरी घरातच राहिलेली. अशा कितीतरी आया साहेबांच्या कुटुंबांबरोबर जात. काहींना तिकडे वाऱ्यावर सोडलं जाई, म्हणून लंडनच्या ऑल्डगेट भागात त्यांच्यासाठी वसतिगृह होतं. तिला जादूगारीण करू नका, गूढ पौर्वात्य ज्ञानही नको. तिच्याकडे साधं कारण आहे. घर प्रॉटेस्टंट, ती कॅथलिक. घरचे सगळे गावच्या चर्चला जातात, ती नाताळाच्या सकाळी मिस्सेला, म्हणजे कॅथलिक प्रार्थनेला, रेल्वेने शेजारच्या गावी जाते. घरच्या घड्याळाने निघाली तर गाडी चुकते, हे ती वर्षानुवर्षं जाणते. त्या दिवशी दोन्ही घड्याळं पाहिलेली घरात ती एकटीच. तिच्या ट्रंकेतल्या टिनाच्या डब्यात घरच्यासारख्या नेवऱ्या करायची धडपड दाखवा, पण एका ओळीत. तिकडे नारळ कुठला मिळायला!

तिचं बोलणं मोडक्या मराठीत लिहू नका. ती इंग्रजी मोडकं बोलत असेल, मनात मोडकं बोलत नाही. ती भाचीला अजूनही 'मिसीबाबा' म्हणते. बटलर मालकाला 'आपण' म्हणेल, मालक त्याला आडनावाने हाक मारील, हाउसकीपर अविवाहित असली तरी 'मिसेस'च. आणि गुप्त लग्नातली बाई बेसावध क्षणी मालकाला 'तुम्ही'ऐवजी 'तू' म्हणून जाते, तेव्हा खोलीत फक्त आया असू द्या.

लिहिण्याचा क्रम

शेवटापासून मागे या. आधी खुन्याच्या बाजूने सगळी हकिकत लपवाछपवी न करता दोन पानांत लिहून काढा: तो ऑक्टोबरात काय करत होता, कागद कधी चोरले, बाटली कुठं फेकली. मग तीच हकिकत आयेच्या डोळ्यांनी लिहा. या दोन्हींतला फरक म्हणजे तुमची कथा.

आठ हजार शब्दांची कथा असेल तर पहिल्या दीड हजारात माणसं, घर आणि रेक्टरची कुरकुर आली पाहिजे. मालक २६ ला सकाळी मरावा, नोकर पोस्तासाठी रांगेत उभे असताना. वकिलाचं कार्यालय आणि बँक त्या दिवशी बंद, म्हणून मृत्युपत्राचं सत्य उघडायला २७ तारीख उजाडावी लागते. तेवढ्यात संशय फिरवून घ्या. संशयित पाच-सहा पुरेत, त्यातल्या दोघांकडे लपवण्यासारखं काहीतरी खरोखर असावं, पण खून नव्हे. महत्त्वाचा धागा नेहमी एखाद्या गमतीच्या किंवा खाण्याच्या प्रसंगात लपवा. वाचक पुडिंग बघत असताना घड्याळाकडे बघत नाही.

उलगडा दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून करायची रीत मला कंटाळवाणी वाटते. आयेला त्या खोलीत खुर्ची कोण देणार? तिने कॉन्स्टेबलला घेऊन तबेल्यासमोर उभं राहावं, त्याचं रेल्वेच्या वेळेवर लावलेलं खिशातलं घड्याळ मागावं आणि वर बोट दाखवावं. पुढचं कॉन्स्टेबल करील. फाशी दाखवायची नाही. १८६८ पासून ती तुरुंगाच्या भिंतीआड होऊ लागली, ती तिथंच असू द्या. अटकेपाशी थांबा. नवी विधवा आणि भाची यांच्यात पैशाचं काय होतं, हे अर्ध्या पानात उरका, वाचकाला ते हवं असतं.

पहिला खर्डा झाला की एकच तपासणी करा. प्रत्येक पानावर खुनी जिथं आहे तिथं पेन्सिलीने दोन्ही वेळा लिहा. कुठं तो ४:५० ला पायऱ्यांवरही असेल आणि कोठीतही, तर झाड आणखी दोन मिनिटं उशिरा पेटवा.